"मॅडम, माझं काही खरं नाही" असं विद्यार्थी म्हणतो तेव्हा

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षिका, म्हणून माझ्याकडे दुसऱ्या वर्षाची वीस-बावीस मुलं आहेत. त्यातला एक मुलगा गेल्या सत्रात चार विषयांत राहिला. आता वर्गात फारसा दिसत नाही. परवा जर्नलवर सही घ्यायला आला आणि जाताना म्हणाला, 'मॅडम, माझं काही खरं नाही, कशाला सही करताय.' मी हसून 'असं नाही बोलायचं' म्हटलं. रात्री मात्र झोप लागली नाही. मी त्याला विचारावं का? विचारल्याने नसलेलं त्याच्या डोक्यात शिरेल का? आणि घरी कळवावं का? घरी सांगू नका, असं तो आधीच म्हणालाय."

मॅडम, त्याला आजच गाठा आणि सरळ विचारा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. दवाखान्याच्या जोडीला गेली एकवीस वर्षं आठवड्यातल्या दोन दुपारी एका महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्रात बसते. "माझं काही खरं नाही" हे वाक्य परीक्षेच्या दिवसांत कॉरिडॉरमध्ये शंभरदा ऐकू येतं आणि नव्व्याण्णव वेळा त्यात काही नसतं. तुम्हाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. तुमच्या कानाने त्याच्या आवाजातलं काहीतरी वेगळं टिपलं होतं. त्या कानावर विश्वास ठेवा. विचारलं आणि काहीच नव्हतं असं निघालं, तर बिघडतं काय? आपली चौकशी करणारं कुणीतरी आहे एवढं त्या मुलाला कळतं, इतकंच.

विचारल्याने डोक्यात शिरतं ही भीती मला शिक्षकांकडून, पालकांकडून आणि कधीकधी डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळते. यावर बरेच अभ्यास झाले आहेत आणि सगळ्यांचा कल एकच आहे: आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार येत नाही आणि वाढतही नाही. बऱ्याच जणांना उलट हायसं वाटतं. ज्याच्या मनात तसलं काही नसतं तो "नाही हो मॅडम, तेवढं काही नाही" म्हणून मोकळा होतो. ज्याच्या मनात असतं तो गप्प बसतो, मान खाली घालतो, आणि मग पहिल्यांदाच त्याचा श्वास लांब सुटतो. तो श्वास मी शेकडो वेळा ऐकला आहे.

विचारायचं कसं, इथे आपल्या भाषेतली एक अडचण आहे. आपण विचारतो, "जिवाचं काही बरंवाईट करून घेणार नाहीस ना?" शेवटच्या त्या "ना"ने उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं. मुलगा ओळखतो की समोरच्याला "नाही" ऐकायचंय. तो "नाही" म्हणतो आणि दोघंही सुटतात. त्याऐवजी असं म्हणून पाहा: "तू परवा जे बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. कधीकधी माणसाला सगळं इतकं नकोसं होतं की जगणंच नको वाटतं. तुला तसं होतंय का? आत्महत्येचा विचार येतो का?" आत्महत्या हा शब्द मोठ्याने उच्चारा. तुम्हाला तो उच्चारता येतो हे पाहिल्यावर त्यालाही तो उच्चारायची मोकळीक मिळते.

स्टाफरूममध्ये हे बोलू नका. शेजारच्या टेबलावर कुणी पेपर तपासत असताना कुठलंही मूल खरं बोलणार नाही. प्रॅक्टिकल संपल्यावर रिकामी झालेली लॅब चालेल, ग्राउंडच्या कडेने फेरी मारलीत तरी चालेल. मोबाईल बंद करून पर्समध्ये टाका. दार लोटून घ्या, कडी लावू नका.

तो "हो" म्हणाला की तुमच्या पोटात गोळा येईल. तसं होणं साहजिक आहे, पण लगेच सल्ला देऊ नका. "एवढ्याशा गोष्टीसाठी?" हे तर मुळीच नको. आणि "आईवडिलांचा विचार कर" हेही नको. हे वाक्य सगळ्यांना हमखास चालणारं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. हा मुलगा आईवडिलांचाच विचार करत असतो. किती हप्ते राहिलेत, वडिलांनी कुणाकडून पैसे उचललेत, आपण नसतो तर बहिणीचं शिक्षण झालं असतं, हाच हिशोब रात्रभर चाललेला असतो. त्या क्षणी त्याला स्वतःचं असणं हाच घरावरचा खर्च वाटत असतो. अशा वेळी "त्यांचा विचार कर" म्हणणं म्हणजे त्याच हिशोबात आणखी एक आकडा टाकणं. शपथ घालणंही तसंच. "माझी शपथ आहे, असं काही करणार नाहीस" असं वचन घेतलं की आपल्याला बरं वाटतं, पण त्याने धोका कमी होत नाही. होतं एवढंच की पुढच्या वेळी विचार आला तर तो आपल्याला सांगायचीही त्याला चोरी होते.

मग करायचं काय? ऐकायचं. आणि ऐकता ऐकता चार-पाच गोष्टी समजून घ्यायच्या. हे विचार कधीपासून येतात? येऊन जातात की ठाण मांडून बसतात? कसं आणि कधी हे त्याने मनाशी ठरवलंय का, त्यासाठी काही जमवाजमव केलीय का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? आणि आजवर त्याला कशाने थोपवलं? शेवटचा प्रश्न विसरू नका, पुढची वाट बहुतेक वेळा त्याच्याच उत्तरातून निघते.

"नकोसं वाटतं, पण तसं काही ठरवलेलं नाही" असं उत्तर आलं, तर एक-दोन दिवसांत समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जा. चिठ्ठी देऊन पाठवू नका. चिठ्ठी घेतलेली निम्मीअधिक मुलं दारापर्यंत पोचत नाहीत, हा माझा अनुभव. त्याने काही ठरवलं असेल, साधन हाताशी असेल, आधी प्रयत्न झालेला असेल किंवा दारू सुरू असेल, तर आजची रात्र तो एकटा राहता कामा नये. त्याला जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं, आणि तिथे पोचेपर्यंत कुणीतरी त्याच्या शेजारी बसून राहायचं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. तिथे तुम्ही स्वतःही फोन करू शकता. "माझ्यासमोर असा विद्यार्थी बसलाय, काय करू?" असं विचारायला काहीच हरकत नाही. जिवाला तातडीचा धोका दिसला तर ११२.

काही खुणा शब्दांत येत नाहीत. रात्री झोप नाही, चारला डोळा लागतो, पहिल्या तासाला दांडी. ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडणं. जिवापाड जपलेला कॅल्क्युलेटर "ठेव तुलाच" म्हणून मित्राला देऊन टाकणं. मेसची उधारी अचानक चुकती करणं. आणि आठवडाभर घालमेल चाललेली असताना एकाएकी शांत, हसरं होणं. हे शेवटचं फार फसवं असतं. रूममेट म्हणतात, "बरा वाटत होता काल." यातल्या एकट्यादुकट्या खुणेवरून कुणालाही भविष्य वर्तवता येत नाही, मलाही नाही. पण अशी खूण दिसली की विचारता मात्र येतं.

आता निकालाचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, शाळकरी मुलं धरून. राज्यांमध्ये विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, १,७६४. म्हणजे देशातल्या एकूण आत्महत्यांपैकी विद्यार्थी साधारण साडेसात टक्के. त्याच अहवालात "परीक्षेतील अपयश" या रकान्यात एकूण मृत्यूंपैकी जेमतेम सव्वा टक्का आहेत. ते सगळे विद्यार्थीच होते असं धरलं तरी सहा-सात विद्यार्थ्यांमागे एक. हा रकाना घरचे त्या दिवशी जे सांगतात त्यावरून भरला जातो, तेव्हा त्याच्यावर फार भार टाकू नये. पण माझ्या खोलीत जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. चार विषय राहिल्याने मुलं मरायला निघत नाहीत. चार विषय राहिलेत हे घरी माहीत नसतं, तिथे खरी गाठ असते.

एक मुलगा सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोरडवाहू गावातला, घरात इंजिनिअरिंगला गेलेला पहिलाच. वायडी झाला होता, म्हणजे वर्ष वाया गेलं होतं. आणि ही गोष्ट त्याने अकरा महिने घरी सांगितली नव्हती. कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीतल्या एका कॉटवर राहायचा, रोज सकाळी बॅग अडकवून अभ्यासिकेत जाऊन बसायचा. माझ्यासमोर बसला असताना त्याचा मोबाईल टेबलावर थरथरला. स्क्रीनवर "आई". त्याने तो पालथा घातला. थांबला. पुन्हा थरथरला. मी विचारलं, "रोज याच वेळेला येतो का फोन?" म्हणाला, "हो. ती आधी विचारते जेवलास का. मग विचारते पेपर कधी आहेत. जेवलास का विचारलं तरी आता छाती धडधडते, कारण पुढचा प्रश्न येणार असतो." अकरा महिने तो मुलगा न झालेल्या सबमिशनच्या, न दिलेल्या ओरलच्या गोष्टी रचून सांगत होता. कुठली थाप कुणाला मारली ते लक्षात राहावं म्हणून त्याने वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. ती वही त्याने मला दाखवली. अक्षर फार सुंदर होतं.

त्या मुलाला मरण हवं नव्हतं. त्या वहीतून सुटका हवी होती, आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता.

म्हणून तुमचा घरी कळवण्याबद्दलचा प्रश्न फार मोलाचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचारांतली गोपनीयता रुग्णाचा हक्क मानतो, पण जिवाला धोका असेल तेव्हा आवश्यक तेवढी माहिती सांगण्याची मुभाही देतो. म्हणून "कुणालाही सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. असं म्हणा: "तुझं बोलणं मी चघळत फिरणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर ज्याची मदत लागेल त्याला सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन." मुलांना हे पटतं. पाठीमागून घरी गेलेला फोन त्यांना सहन होत नाही.

आणि शक्यतो तो फोन त्याच्यासमोरच व्हावा. एक अपवाद आहे. घरात मारहाण असेल, किंवा घरच त्रासाचं मूळ असेल, तर आधी नातेवाइकांतलं दुसरं कोण चालेल ते त्यालाच विचारा. मामा, आत्या, थोरली बहीण, कुणीही. फोनवर पहिलं वाक्य निकालाचं नको. त्या मुलाच्या आईला मी म्हटलं, "तो माझ्यासमोर बसलाय, सुखरूप आहे. त्याला फार त्रास होतोय आणि तुम्ही यायला हवंय." निकाल त्याने स्वतः सांगितला, दुसऱ्या दिवशी, आईवडील समोर बसल्यावर. वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "शेतातलं पीक गेलं तर आम्ही पुन्हा पेरतो की रे." आई रडली. नंतर तिने विचारलं की इतके दिवस मेसमध्ये पोटभर खात तरी होता का. सगळ्या घरांत असं होत नाही. काही वडील माझ्यासमोर मुलावर हात उचलायला धावले आहेत. म्हणूनच ही भेट स्टाफरूममध्ये किंवा घरी न होता एखाद्या समुपदेशकाच्या देखत व्हावी.

घरच्यांना एक गोष्ट मी नेहमी निक्षून सांगते. मुलगा घरी येणार असेल तर फवारणीची औषधं आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली त्याच्या हाती लागू देऊ नका. लोकांना वाटतं, ज्याने ठरवलंय तो काहीही करून करणारच. तसं नसतं. तीव्र लाट बहुतेक वेळा काही तासांची, कधी काही मिनिटांची असते. त्या वेळेपुरतं साधन हाताशी नसलं आणि माणूस सोबत असलं तर लाट ओसरते. जे वाचतात त्यांतले बहुसंख्य पुढे आत्महत्येने जात नाहीत.

त्या लाटेसाठी आम्ही एक कागद तयार करतो. त्याला सुरक्षा आराखडा म्हणतात. तो मुलाच्या शब्दांत आणि मुलाच्याच हाताने लिहिलेला असावा लागतो. त्या मुलाचा कागद त्याच्या परवानगीने इथे सांगते. "सुरुवात कशी ओळखायची: रात्री एकनंतर जुने निकाल पुन्हापुन्हा उघडतो. आधी काय करायचं: मोबाईल रूममेटकडे द्यायचा, गार पाण्याने तोंड धुवायचं, खाली जाऊन यायचं. कुठे जायचं: चहाच्या गाडीवर, ती चारला उघडते. कुणाला उठवायचं: रूममेट, रागावणार नाही असं त्याने सांगितलंय. मग ताईला फोन. मग १४४१६. कशासाठी थांबायचं: छोटीची बारावी." हा कागद हॉल तिकिटाच्या प्लास्टिकमध्ये घालून तो दोन वर्षं खिशात घेऊन फिरला.

औषधांबद्दल. सगळ्यांनाच ती लागत नाहीत. नैराश्याचा आजार असेल तेव्हा लागतात आणि उपयोगी पडतात. पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण काहींची बेचैनी आधी वाढते. हे आधी सांगितलेलं नसलं की मुलं पाचव्या दिवशी गोळी सोडतात, "काही फरक नाही" म्हणून. "झोप येईल, अभ्यास होणार नाही" या भीतीनेही सोडतात. ही शंका डॉक्टरांसमोर बोलून टाकायला सांगा. गोळीची वेळ बदलता येते, गोळीही बदलता येते.

पोलिसांची भीतीही घरच्यांना असते, आणि त्यापायी प्रयत्न झाल्यावरसुद्धा मुलाला रुग्णालयात न्यायला उशीर होतो. तेव्हा नीट सांगते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी ठरवतं. जुन्या दंड संहितेतलं, असा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणारं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच वेगळा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, पोलीस येऊन जबाब घेतील, पण उपचारांना उशीर करायला हे कारण नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी महाविद्यालयाबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. त्रास देणारी माणसं आणि व्यवस्था तशीच ठेवून फक्त मुलाला समुपदेशनाला पाठवणं अन्यायाचं आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत निवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू झाला, त्याआधी २०१६ मध्ये हैदराबादला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांचा. दोन्ही आत्महत्यांमागे जातीवरून छळाचा आरोप होता. त्या दोघांच्या आया, आबेदा तडवी आणि राधिका वेमुला, २०१९ मध्ये मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, शिक्षणसंस्थांच्या आवारातल्या जातिभेदाविरुद्ध दाद मागायला. ज्याला हॉस्टेलवर जातीवरून टोमणे खावे लागतात त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार? तिथे तक्रार नोंदवून त्रास थांबवणं हाच उपचार आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती अडकल्याने मेस बंद झालेल्या मुलाला आधी डबा हवा.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवर राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्यानंतर २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, आणि गुणांवरून मुलांचा जाहीर पाणउतारा नको, हे त्यात आहे. हा निकाल प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. तेवढ्या आधाराने निदान डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, नोटीस बोर्डावर आणि पालकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी यादीतल्या प्रत्येकाला एक फोन करायची पद्धत पाडता येते का पाहा. एका महाविद्यालयात आम्ही ती पाडली. क्लार्क म्हणाले, वेळ जातो. एकूण तीस फोन होते, दोन दुपारी गेल्या. चौघं त्या फोनवर रडली.

आता तुमच्या विद्यार्थ्याबद्दल पुढचं. उपचार सुरू होऊन तो परत वर्गात येईल, तेव्हा सगळ्यांना वाटेल की संपलं. पण प्रयत्नानंतरचे किंवा रुग्णालयातून आल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत जपण्याचे असतात. त्याला परत आल्या आल्या सगळे बॅक विषय एकदम काढायला लावू नका. त्याच्यासोबत बसून या सत्रात दोनच निवडा, बाकीचे पुढच्या सत्रात. टर्म ग्रँटसाठी, म्हणजे सत्र मान्य होऊन परीक्षेला बसता यावं म्हणून, हजेरीत काय सवलत बसते ते वैद्यकीय प्रमाणपत्र लावून आधीच विभागप्रमुखांशी बोलून ठेवा, म्हणजे त्याला केबिन-केबिन फिरत स्वतःची कहाणी सांगावी लागणार नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवून टाका, समजा बुधवार, आणि त्या दिवशी तो आला नाही तर तुम्ही फोन करा. दोन ओळींचा मेसेजही पुरतो.

तुम्ही एकट्याने हे सगळं ओढू नका. समुपदेशक, एखादे सहकारी, त्याचा रूममेट, घरचं एक माणूस, अशी चार-पाच माणसं वाटून घ्या. रूममेटची स्वतंत्र विचारपूस करा. रात्रीचा पहारा बहुतेक वेळा तोच देत असतो, आणि त्याचाही पेपर त्याच दिवशी असतो.

त्याला अजून गाठलं नसेल तर एवढंच करा: जर्नल पुन्हा मागवा, "एक सही राहिली" म्हणून. तो आला की बसायला सांगा.